नळीचा पीळ, गोळीची लांबी

पहाटे ५.३०

ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिकेतल्या मोंटानात सूर्य आठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे साडेपाचला बाहेर मिट्ट काळोख असतो. चहाचं आधण ठेवते आणि मागच्या दाराबाहेर लावलेल्या थर्मामीटरचा आणि वायुभारमापकाचा आकडा वहीत उतरवून घेते. आज उणे आठ अंश सेल्सिअस आणि २५.१ इंच पारा. रेडिओवर मात्र हवेचा दाब ३०.१ इंच सांगतात. तोही बरोबरच असतो. वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता यावी म्हणून हवामान खातं दाबाचा आकडा समुद्रसपाटीला आणून सांगतं. आमचं बोझमन गाव ४,८०० फुटांवर वसलेलं आहे. इथे सुटलेली गोळी इथल्या विरळ हवेतून जाते, म्हणून मला दाराबाहेरचाच आकडा लागतो.

रायफलींना नव्या नळ्या बसवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये मी लेथवर काम करते. आज गुरुवार. शनिवारी पहाटे हरणांचा आणि एल्कचा रायफलीचा हंगाम सुरू होतो आणि पाच आठवडे, थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारपर्यंत चालतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची दारं बंद झाली, आणि ते योग्यच झालं. इथली व्यवस्था निराळी आहे. कुठल्या भागात कोणता प्राणी, नर की मादी, किती, हे राज्याचं वन्यजीव खातं ठरवून परवाने देतं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच गोळी झाडता येते. अंगावर कमरेच्या वर ४०० चौरस इंच भडक नारिंगी कपडा असावा लागतो. मांस वाया घालवणं गुन्हा आहे. रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो.

या सगळ्या नियमांनंतरही एक गोष्ट उरते, ती कुठलाही कायदा मोजत नाही. नळीतून सुटलेली गोळी टोक पुढे ठेवून जाते की वाटेत डगमगते? डगमगलेल्या गोळीने प्राणी मरत नाही, जखमी होऊन पळतो. माझं सगळं काम त्या एका प्रश्नाभोवती आहे.

सकाळी ७.००

वर्कशॉप उघडून लेथ हळू फेऱ्यांवर सोडून देते. थंडीत बेअरिंग तापल्याशिवाय मापाचं काम हाती घ्यायचं नाही, हे मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबांच्या हाताखाली शिकले. तिथे पंपाचे शाफ्ट व्हायचे, इथे रायफलीच्या नळ्या होतात. मिलिमीटर सोडून इंचाच्या हजाराव्या भागात बोलायची तेवढी सवय करावी लागली.

पहिलं काम मोजणीचं. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा कापलेल्या असतात. गोळी त्या खाचांत दाबली जाऊन पुढे सरकते आणि सरकता सरकता स्वतःभोवती फिरू लागते. तिचा एक फेरा पूर्ण व्हायला जितके इंच लागतात, तितका त्या नळीचा पीळ. दहा इंचांत एक फेरा झाला तर दहाचा पीळ, बारा इंचांत झाला तर बाराचा. आकडा लहान तितका पीळ घट्ट, मोठा तितका सैल.

मोजायला फार काही लागत नाही. आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करायची. मग मूठ बेअरिंगवर मोकळी फिरेल असा साफसफाईचा गज घ्यायचा, त्याच्या टोकाला चिंधी घट्ट बसवायची आणि ती नळीत सारायची. चिंधी खाचांत अडकते आणि गज पिळाबरोबर फिरतो. मुठीजवळ चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावून ठेवायचा. झेंडा वर असताना गजावर एक खूण, पूर्ण फेरा होऊन झेंडा पुन्हा वर आला की दुसरी. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पीळ. चिंधी सैल असली तर ती खाचांवरून घसरते आणि आकडा खोटा येतो, म्हणून मी हे तीनदा करते. नळीवर कोरलेला आकडा आणि प्रत्यक्ष पीळ यांत पाव इंचाचा फरकही निघू शकतो. पुढचं सगळं गणित या आकड्यावर उभं राहतं. त्यामुळे कोरलेल्या आकड्यावर विसंबून मी कुणाला गोळी सुचवत नाही.

सकाळी ८.३०

आजचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे विशीतली एक मुलगी. आजोबांची रायफल तिच्याकडे आली आहे. अक्रोडाचा दस्ता हाताच्या घामाने काळसर झालेला, नळीवर कोरलेलं '२४४ रेमिंग्टन'. सोबत तिने १०० ग्रेन वजनाच्या गोळ्यांचा नवा डबा आणलाय. काडतुसं ती घरीच भरते, वडिलांनी शिकवलंय. तिला शनिवारी हरणाच्या मागे जायचंय आणि तिच्या मते जड गोळी म्हणजे खात्रीची गोळी.

गज घालून मोजते. बाराचा पीळ.

या रायफलीमागे एक जुनी गोष्ट आहे, ती मी तिला सांगते. १९५५ साली दोन काडतुसं बाजारात आली, विंचेस्टरचं २४३ आणि रेमिंग्टनचं २४४. नावं वेगळी असली तरी गोळीचा व्यास दोन्हींचा एकच, ०.२४३ इंच. रेमिंग्टनच्या काडतुसात दारू थोडी जास्तच मावत होती. पण कंपनीने असा हिशेब केला की एवढ्या लहान व्यासाची रायफल लोक मुख्यतः बारीकसारीक प्राण्यांसाठी घेतील, म्हणून नळीला बाराचा पीळ दिला आणि काडतुसं ७५ आणि ९० ग्रेनची काढली. विंचेस्टरने दहाचा पीळ दिला आणि ८० ग्रेनबरोबर १०० ग्रेनचं काडतूसही ठेवलं. लोकांना एकाच रायफलीने उन्हाळ्यात कोल्हा आणि हिवाळ्यात हरीण टिपायचं होतं. ते विंचेस्टरकडे गेले. रेमिंग्टनने पीळ नऊवर आणला आणि १९६३ साली तेच काडतूस '६ मिमी रेमिंग्टन' या नव्या नावाने काढलं, पण तोवर बाजार हातचा गेला होता. एक उत्तम काडतूस तीन इंचांच्या फरकाने मागे पडलं.

तिने आणलेल्या डब्यातून एक गोळी उचलून कॅलिपरमध्ये धरते. टोक सुईसारखं, शेपूट निमुळतं, लांबी १.१२ इंच. कपाटातून १०० ग्रेनचीच दुसरी गोळी काढते. हिचं बूड सपाट आणि टोक जरा बोथट, लांबी १.०३ इंच. दोन्ही तराजूवर ठेवल्या तर काटा एकाच जागी थांबतो. कॅलिपरमध्ये मात्र नऊ शतांश इंचाचा फरक दिसतो, आणि नळीला तोच फरक कळतो.

सकाळी १०.००

फळ्यावर गणित मांडते. गिऱ्हाइकासमोर मांडलेलंच बरं, म्हणजे निर्णय त्याचा राहतो.

लांबट गोळीचा गुरुत्वमध्य मागच्या बाजूला असतो आणि हवेचा दाब तिला त्याच्या पुढे, टोकाच्या बाजूला लागतो. त्यामुळे हवा तिला सतत उलटी पाडू बघते. तिला सावरून धरतं ते तिचं फिरणं, जसा भोवरा फिरतोय तोवर आरीवर उभा राहतो. गोळी जितकी लांब, तितकी तिला पाडणारी तरफ मोठी, आणि तितकं जास्त फिरणं तिला हवं. एकाच व्यासात वजन वाढवायचं तर लांबी वाढवावी लागते, म्हणून लोक 'जड गोळीला घट्ट पीळ' असं म्हणतात. ढोबळमानाने ते ठीक आहे. गोळीचा आकार किंवा धातू बदलला की ते फसतं.

इंग्लंडमधल्या वूलिच इथे तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारे जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली याचा एक सोपा नियम दिला. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. सगळी मापं इंचांत घेतली की उत्तरही इंचांत येतं, आणि तो त्या गोळीला लागणारा पीळ. वेग सेकंदाला २,८०० फुटांच्या वर असेल तर १५०च्या जागी १८० धरतात. १८० धरून या नियमाने १.०३ इंची गोळीला १०.३चा पीळ पुरतो आणि १.१२ इंचीला ९.५चा लागतो. बाराच्या नळीत दोन्ही बसत नाहीत.

त्याहून नेमकं सूत्र डॉन मिलर यांनी २००५ साली मांडलं. त्यात लांबीबरोबर वजन, व्यास, वेग, तापमान आणि हवेचा दाब हे सगळं येतं आणि उत्तर म्हणून स्थैर्याचा एक आकडा मिळतो. तो एकच्या खाली गेला तर गोळी कोलांट्या खाते. एक ते दीडच्या मधे ती पोचते, पण डुलत, हवेचा जास्त मार खात. दीडच्या पुढे ती निश्चिंत जाते. पिळाचा या आकड्यावर वर्गाच्या पटीत परिणाम होतो, त्यामुळे एकेका इंचाला किंमत असते. समुद्रसपाटीची १५ अंशांची हवा आणि सेकंदाला २,८०० फूट वेग धरून आजोबांच्या रायफलीसाठी मांडते. तिने आणलेली लांब गोळी ०.८४. सपाट बुडाची १०० ग्रेन १.०७. ८५ ग्रेनची सपाट बुडाची, ०.९० इंच लांब गोळी १.३४. आमच्या उंचीवरची हवा विरळ, म्हणून कडाक्याची थंडी धरूनही ही शेवटची १.४ पर्यंत जाते.

मुलगी फळ्याकडे बघत राहते आणि विचारते, "म्हणजे ही रायफल हरणाला चालायचीच नाही?"

चालेल. ८५ ग्रेनची, हरणासाठी बनवलेली जाड आवरणाची गोळी घ्यायची, दोनशे यार्डांच्या आत राहायचं आणि फासळ्यांमागच्या फुप्फुसांवर नेम धरायचा. एल्कसारख्या थोराड जनावरासाठी मात्र ही रायफल काढायची नाही. तिच्या आजोबांनीही बहुधा असंच केलं असेल, कारण त्या काळात या नळीसाठी कारखान्याची काडतुसं हलकीच मिळत होती.

दुपारी १२.००

डब्यात पोळी आणि एल्कचा खिमा, कांदा-लसूण चटणी घालून केलेला. इथे शिकारीचं मांस विकता येत नाही, पण देता येतं. गेल्या हंगामात एका गिऱ्हाइकाने आणून दिलं होतं.

जेवणाच्या वेळी दुकानात गप्पा रंगतात त्या तांब्याच्या गोळ्यांवर. पारंपरिक गोळीत शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं पातळ आवरण असतं. प्राण्यात शिरल्यावर शिशाचे बारीक कण दूरवर पसरतात. शिकारी आतडी रानात टाकून मांस घेऊन येतो, आणि ती आतडी गरुड, डोमकावळे, गिधाडं खातात. पोटातल्या आम्लात शिसं विरघळून रक्तात जातं. कॅलिफोर्नियात काँडोर या महाकाय गिधाडाच्या मुळावर येणाऱ्या गोष्टींत शिसं पुढे होतं. त्यामुळे त्या राज्याने २०१३ साली कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून तिथे सगळ्या शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद झाल्या. मोंटानात अशी सक्ती नाही, पण आपणहून तांब्याकडे वळणारे लोक आमच्या दुकानात येतात. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. आणि त्यांनीच पीळ सर्वांत आधी तपासावा असं मी त्यांना सांगते.

याचं कारण घनतेत आहे. शिसं पाण्याच्या ११.३ पट जड, तांबं ८.९ पट. तितकंच वजन तांब्यात भरायचं तर गोळी लांब करावी लागते. ग्रीनहिलच्या नियमात गोळीची घनता १०.९ धरलेली आहे, म्हणून तांब्यासाठी तो नियम जसाच्या तसा लावला की फसवतो. दहाच्या पिळाच्या २४३ विंचेस्टरमध्ये १.०३ इंची, १०० ग्रेनच्या शिशाच्या गोळीचा स्थैर्याचा आकडा १.५४ येतो. त्याच नळीत ८५ ग्रेनच्या, १.०४ इंच लांब तांब्याच्या गोळीचा येतो १.२७. पंधरा ग्रेन हलकी गोळी जास्त डुलते. डब्यावरचं वजन बघून गोळी निवडणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. तांब्याची गोळी हलकी घ्यावी, असा सल्ला जुने शिकारी देतात तो याचसाठी. ती फुटून विखुरत नाही, जवळजवळ सगळं वजन राखून आत जाते, त्यामुळे वजन थोडं कमी घेतलं तरी चालतं.

दुपारी १.३०

चांदमारीवर. पारा सहा अंशांपर्यंत चढलाय, वारा पडलाय. गणिताने जे सांगितलं ते कागदावर दिसल्याशिवाय रायफल गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही, असा आमचा नियम आहे.

१०० यार्डांवर पांढरा कागद लावलाय. मुलीने दोन्ही प्रकारची काडतुसं भरून आणलीत. आधी तिने आणलेली लांब १०० ग्रेनची झाडायला सांगते. तीन गोळ्या. दुर्बिणीतूनच कळतं, पण मी तिला चालत कागदापर्यंत नेते. तीन भोकं हाताच्या पंजाएवढ्या जागेत विखुरलेली, आणि एकही भोक गोल नाही. कडा एका बाजूला ताणलेल्या, गोळी तिरकी शिरल्याची साक्ष देणाऱ्या. आमच्या विरळ हवेमुळे आकडा ०.८४ वरून एकच्या जवळ आला होता, तरी हे असं झालं. समुद्रकिनाऱ्यावर याच गोळ्यांची आडवी, अख्ख्या गोळीच्या आकाराची भोकं पडली असती.

अशी गोळी हरणाला लागली तर काय होतं, हे मी तिला तिथेच उभी राहून सांगते. शिकारीची गोळी टोकाकडून उमलावी अशी बनवलेली असते. ती कुशीवर पडून शिरली की उमलत नाही, आत कुठेही भरकटते. जनावर कोसळत नाही, झाडीत शिरतं आणि रात्रभर जिवंत राहतं. माग काढणारा दुसऱ्या दिवशी पोचतो, किंवा पोचतच नाही.

मग ८५ ग्रेनच्या तीन. भोकं गोल, कडा स्वच्छ, तिन्ही एका रुपयाच्या नाण्याने झाकता यावीत इतकी जवळ. तिला काही सांगायची गरज उरत नाही. ती कागदाची घडी घालून खिशात ठेवते.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. आज सहा अंशांवर दिसलं ते नोव्हेंबरात उणे वीसला तसंच राहील असं धरू नकोस. थंड हवा दाट असते आणि दाट हवा गोळीला जास्त जोराने पाडते. अमेरिकी सैन्याला हे एआर-१५ रायफलीने शिकवलं. तिच्या ५५ ग्रेनच्या गोळीला सुरुवातीला चौदाचा पीळ होता. साध्या हवेत तो पुरत होता. ध्रुवीय थंडीच्या चाचण्यांत गोळ्या डगमगू लागल्या आणि १९६३ साली पीळ बारावर आणला गेला. पुढे ६२ ग्रेनची लांब गोळी आणि तिच्याहून लांब ट्रेसर, म्हणजे उजेडाची रेघ सोडत जाणारी गोळी, आली, तेव्हा तो सातपर्यंत घट्ट करावा लागला.

दुपारी ३.३०

परत लेथवर. एका गिऱ्हाइकाच्या २४३ची नळी झिजली आहे आणि त्याला नवीन बसवायची आहे. त्याला १०५ ग्रेनच्या लांब गोळ्या वापरायच्या आहेत. अशा गोळ्या हवा सहज कापतात, वाऱ्याने कमी सरकतात आणि वेग टिकवतात. पण लांबी १.२५ इंच. त्याच्या जुन्या दहाच्या नळीत स्थैर्याचा आकडा ०.९२, आणि नव्या आठच्या नळीत तोच १.४३. आमच्या उंचीवर थंडीतही तो दीडच्या आसपास राहतो. म्हणून आठचा पीळ.

आतल्या खाचा नळी बनवणाऱ्याकडूनच कापून येतात. माझ्याकडे येतो तो लांब, जाड दांडा. मी त्याच्या मागच्या टोकाला आटे पाडते, काडतूस बसेल तो चेंबर रीमरने थोडा थोडा कापत जाते, दर वेळी बाहेर काढून कीस पुसते आणि गेज लावून बघते. शेवटी तोंडाची कड. गोळी नळी सोडते तो क्षण या कडेवर ठरतो. एका बाजूला केसाएवढा खरवडा राहिला तर मागून येणारा वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला निघतानाच एका बाजूने धक्का देतो. मग पीळ कितीही योग्य असू दे, गोळी डुलतच निघते. त्यामुळे तोंडाच्या कडेचं काम मी घाईत कधीच करत नाही, हंगाम दोन दिवसांवर असला तरी.

काम चालू असताना मालक शेजारी येऊन बसतात. घट्ट पिळाची ही कल्पना नवी आहे असं तरुणांना वाटतं, ते म्हणतात. १८९४ साली स्वीडन आणि नॉर्वेने ६.५ मिलिमीटरचं काडतूस घेतलं, तेव्हाच नळीला २०० मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ आठ इंचांचा पीळ दिला होता, कारण त्यांची १५६ ग्रेनची बोथट टोकाची गोळी फार लांब होती. स्कँडिनेव्हियात त्या काडतुसाने मूससारखं प्रचंड जनावर पिढ्यान्‌पिढ्या टिपलं. २००७ साली हॉर्नडी कंपनीने ६.५ क्रीडमूर हे काडतूस आणलं, तेव्हा पीळ तोच आठचा ठेवला. आमच्या दुकानात सर्वांत कमी तक्रारी येतात त्या ३०-०६ या काडतुसाच्या. तेही यामुळेच. १९०३च्या स्प्रिंगफील्ड रायफलीसाठी २२० ग्रेनची लांब गोळी ठरली होती, म्हणून तिला दहाचा पीळ मिळाला. १९०६ साली गोळी १५० ग्रेनची टोकदार झाली, तरी पीळ तसाच राहिला. तेव्हापासून ती नळी दीडशेपासून दोनशेवीसपर्यंत सगळं झेलते.

मग सगळ्यांनाच घट्ट पीळ का देऊ नये? गिऱ्हाइकाने आज फोनवर हेच विचारलं. सेकंदाला ३,००० फूट वेगाने निघालेली गोळी आठच्या पिळात मिनिटाला २,७०,००० फेरे घेते, दहाच्या पिळात २,१६,०००. शिकारीच्या मजबूत गोळीला हे सहज पेलतं. पण बारीक प्राण्यांसाठी बनवलेल्या पातळ आवरणाच्या हलक्या गोळीला इतक्या वेगाने फिरवलं तर ती हवेतच फाटू शकते. शिवाय गोळीचा तोल बनवतानाच जरासा ढळलेला असेल, तर जास्त फिरण्याने तो दोष वाढून कागदावर दिसतो. म्हणून मी विचारते : वर्षभरात सर्वांत लांब गोळी कोणती वापरणार? तिला पुरून थोडा उरेल इतका पीळ घ्या. त्याहून घट्ट नको.

आणखी एक विचारते, ते गिऱ्हाइकांना नेहमीच आवडतं असं नाही. लांब गोळी हवा चांगली कापते, पण त्यामुळे तुमचा नेम लांबचा होत नाही. उघड्या माळावर, दम लागलेला असताना, बर्फात गुडघा टेकून तुम्ही किती अंतरावरून पेल्याएवढ्या जागेत सलग गोळ्या बसवता? तेवढंच तुमचं शिकारीचं अंतर.

संध्याकाळी ५.००

एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन. यंदा ते भावाकडे मिनेसोटाला हरणांसाठी जाणार आहेत. रायफल तीच, दहाच्या पिळाची २४३. गोळी तीच, ८५ ग्रेनची तांब्याची. ऑगस्टमध्ये इथे चांदमारीवर तिने सुरेख काम केलं होतं, म्हणून त्यांना काही बदलायचं नाही.

सकाळच्या वहीतली पद्धत इथे कामी येते. समुद्रसपाटीच्या साध्या हवेत या जोडीचा आकडा १.२७. ऑगस्टमधल्या तीस अंशांच्या दुपारी बोझमनला तो १.५९ होता, म्हणून तर भोकं इतकी गोल पडली. इथेच नोव्हेंबरातल्या उणे वीसला तो १.३३ वर येतो. मिनेसोटातलं भावाचं शेत हजार-बाराशे फुटांवर आहे. तिथे हवा आमच्यापेक्षा बरीच दाट आणि थंडी तितकीच. तिथला आकडा १.१६. रायफल तीच, काडतूस तेच, बदलली ती फक्त हवा, आणि जोडी काठावर आली.

मी त्यांना सांगते, "तुम्ही तांबं सोडू नका. ७५ ग्रेनची, ०.९५ इंच लांबीची तांब्याची गोळी घ्या. मिनेसोटात उणे वीसलाही तिचा आकडा १.३३ राहतो, म्हणजे तुमची आत्ताची गोळी इथल्या थंडीत असते तितका. तिथल्या जंगलात हरीण दिसतं तेच शंभर यार्डांच्या आत, तिथे हलक्या गोळीचं काही अडत नाही. पोचल्यावर सकाळच्या थंडीत कागदावर तीन गोळ्या झाडून बघा, आणि भोकं गोल असतील तरच जंगलात पाऊल टाका." ते आकडे लिहून घेतात, परत वाचून दाखवतात.

संध्याकाळी ६.३०

दिवसाचं शेवटचं काम म्हणजे कार्डं लिहिणं. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रायफलीबरोबर एक कार्ड जातं. त्यावर मी चार गोष्टी लिहिते : मोजलेला पीळ, या नळीत चालेल अशी शिशाच्या गोळीची कमाल लांबी, तांब्याच्या गोळीची कमाल लांबी, आणि हे गणित किती उंचीसाठी व किती थंडीसाठी केलं ते. वजनाचा रकाना कार्डावर मुद्दामच ठेवलेला नाही. वजन ठेवलं की लोक तेवढंच वाचतात.

आजोबांच्या २४४साठी लिहिते : पीळ बारा, शिसं ०.९० इंच, उंची ४,८०० फूट, उणे वीसपर्यंत. तांब्याच्या रकान्यापुढे लिहिते की ८५ ग्रेनची तांब्याची गोळी या नळीत वापरू नये, आणि त्याहून छोटी वापरायची तर आधी कागदावर तपासावी. ही रायफल आणखी एका पिढीकडे जाईल तेव्हा गज आणि चिंधी घेऊन मोजणारं कुणी जवळ असेलच असं नाही, म्हणून कार्ड दस्त्याच्या बुडाच्या पट्टीखाली ठेवते. पट्टीचे दोन स्क्रू काढले की ते सापडेल, हे मुलीला दाखवून ठेवलंय.

उद्या शुक्रवार. उद्या दुकानात गर्दी असेल, आणि बरेच जण शेवटच्या क्षणी काडतुसांचा वेगळा डबा घेऊन येतील, कारण नेहमीचा कुठे मिळाला नाही. प्रत्येकाकडून डब्यातलं एक काडतूस मागून घेईन, हातोडीसारख्या साध्या साधनाने त्यातली गोळी सोडवीन आणि त्यांच्यासमोर कॅलिपर लावीन. दोन मिनिटांचं काम आहे. नळीचा पीळ आता बदलता येत नाही, शनिवारची हवा आपल्या हातात नाही. गोळी तेवढी निवडता येते. ज्याच्यावर आपण नेम धरणार, त्या जनावराला पहिल्याच गोळीत, वेदना न होता मरण द्यायची जबाबदारी परवान्याबरोबर येते, आणि ती पार पाडायची सुरुवात या दोन मिनिटांपासून होते.